ड्रायर बिघडलाय? इंदूरच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालव्यातल्या उन्हात गच्चीवर टाकलेली चादर तासाभरात कडक होते. त्यामुळे इंदुरात ड्रायर वर्षातले आठ महिने कोपऱ्यात उभा असतो आणि जूनअखेरीस पहिली झड लागली की सगळ्यांना एकदम आठवतो. नेमका तेव्हाच तो चालत नाही. खालच्या प्रश्नांपैकी निम्म्यांचं मूळ या आठ महिन्यांच्या विश्रांतीत आहे, उरलेल्यांचं तुंबलेल्या हवेत किंवा पाण्यात. जळालेला भाग बदलणं सोपं असतं. तो का जळाला हे पाहिलं नाही तर नवा भागही त्याच वाटेने जातो.

आधी हे सांगा, 'ड्रायर' म्हणजे नेमकं कोणतं मशीन?

आपल्या घरांत या शब्दाखाली चार वेगळी यंत्रं येतात. सर्वात जास्त दिसतो तो सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा उजवीकडचा छोटा टब. तो कपडे वाळवत नाही, गरगर फिरवून पिळतो. त्यात हीटर नसतो. दुसरं, स्वतंत्र टम्बल ड्रायर: मोठा ड्रम, हीटर, पंखा, आणि दमट हवा बाहेर सोडणारी चार इंची नळी. तिसरं, फ्रंट लोड वॉशर-ड्रायर, म्हणजे धुणं-वाळवणं एकाच ड्रममध्ये. चौथं, हीट पंप ड्रायर, जो फ्रिजसारख्या गॅसच्या नळ्यांच्या मदतीने कमी तापमानावर वाळवतो. मेकॅनिकला फोन करताना यातलं कोणतं ते आधी सांगा, नाहीतर तो पिळणीच्या मोटरला फिरायला जोर देणारा कपॅसिटर खिशात घालून येईल आणि तुमचा गेलेला असेल हीटर.

स्वतः उघडून पाहिलं तर चालेल का? धोका किती?

प्लग काढल्याशिवाय एकही स्क्रू सैल करायचा नाही. बटण बंद करणं पुरेसं नाही. बोर्डातली वायर उलटी जोडलेली असेल तर बटण बंद असतानाही मशीनमध्ये फेज जिवंत राहतो. हीटर चालू होता तर निदान अर्धा तास थंड होऊ द्या. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो. त्याच्या दोन्ही टोकांना मूठ असलेल्या वायरने १० ते २० किलोओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर काही सेकंद टेकवा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायची सवय वाईट, त्यात कपॅसिटरही खराब होतो. पत्र्याच्या आतल्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला.

अर्थिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या वाड्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. मल्टीमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत. हे मोजणं चालू सॉकेटवर होतं. सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

टम्बल ड्रायर फिरतो, हवाही गरम लागते, तरी दोन तासांनी कपडे दमटच. हीटर कमजोर झाला का?

बहुधा नाही. हा हवेचा प्रश्न आहे, आणि हवेचा प्रश्न समजला की टम्बल ड्रायर निम्मा समजला.

पावसाळ्यातली २६ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण १५ टक्क्यांवर येते. ती कपड्यातलं पाणी ओढते आणि बाहेर जाते. म्हणजे ड्रायर हे हीटरपेक्षा हवा वाहून नेणारं यंत्र आहे. ती बाहेर पडली नाही तर आतली हवा पाण्याने भरते, आणि मग कितीही तापवा, कपडे गरम आणि ओले राहतात.

म्हणून आधी दारातली लव गोळा करणारी जाळी काढा. ही जाळी प्रत्येक वेळी साफ करायची असते, आठवड्यातून एकदा नव्हे. नुसती झटकून भागत नाही. कंफर्टसारखं सुगंधी द्रव्य वापरत असाल तर जाळीवर डोळ्यांना न दिसणारा मेणचट थर बसतो. नळाखाली जाळीवर पाणी टाका. ते आरपार न जाता साचलं तर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, पूर्ण वाळवून बसवा.

मग नळी. मशीन भिंतीला टेकवून लावलं की मागची नळी चिमटली जाते. तिची लांबी आणि वळणं जितकी कमी तितकं बरं. खोलगट लटकली तर त्या खळग्यात पाणी साचतं आणि लव चिखलासारखी बसते. नळी तात्पुरती काढून ड्रायर चालवून बघा. तसा नीट वाळवला तर दोष नळीत आहे.

तिसरी गोष्ट जागा. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये नळी न लावता ड्रायर चालवला, तर तो स्वतःचीच वाफ परत ओढतो. एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा.

हे सगळं ठीक असेल तर कपडे किती ओले आत गेले ते पाहा. पाच किलो सुती कपडे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळले तरी त्यांत तीन ते साडेतीन लिटर पाणी उरतं. ते उडवायला निव्वळ उष्णता दोन युनिटच्या आसपास लागते, आणि गळती धरून मीटरवर तीन-साडेतीन युनिट पडतात. १२०० फेऱ्यांवर पिळले की अर्ध्या ते पाऊण लिटरचं काम आधीच संपतं. पिळणं हे वाळवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

हवा थंडच येते. कुठून सुरुवात करायची?

आधी बघा, 'विना उष्णता' किंवा थंड हवेवर तर नॉब नाही ना. हसू नका, लहान मुलं नॉब फिरवतात. मग प्लग काढून मागचा पत्रा उघडा. टम्बल ड्रायरमध्ये हीटरच्या वाटेवर साधारणपणे एकामागून एक असे तीन पहारेकरी असतात: तापमान राखणारा थर्मोस्टॅट, जास्त तापल्यावर तोडणारा हाय-लिमिट थर्मोस्टॅट, आणि एकदाच उडणारा थर्मल फ्यूज. काही मॉडेलमध्ये हाय-लिमिटवर छोटं लाल बटण असतं, दाबलं की टक् आवाज होऊन पुन्हा जोडला जातो.

प्रत्येकाची एक वायर सोडवा आणि मल्टीमीटर ओहमवर लावा. खोलीच्या तापमानाला थर्मोस्टॅट आणि फ्यूज शून्याच्या जवळ दाखवतात. काहीच दाखवलं नाही तर तो भाग उघडलेला आहे. हीटरचं गणितही सोपं: २००० वॉटच्या हीटरचा रोध २३० व्होल्टवर साधारण २६ ओहम येतो. दोन कॉइल असतील तर त्या वेगळ्या मोजा. एक गेली की ड्रायर चालतो, पण वेळ जवळजवळ दुप्पट लागतो आणि कुणाला काही कळत नाही. वायर काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्या.

वायरच्या टोकाचे लग, म्हणजे जोडणीचे धातूचे तुकडे, काळे पडलेले असतील तर ते नवे दाबून बसवा. सैल लग गरम होतो, गरम झाला की आणखी सैल होतो, आणि एक दिवस त्याच्या शेजारचं प्लास्टिक वितळतं. हीटरवर दोष टाकण्याआधी हे लग पाहणं विसरलं जातं.

थर्मल फ्यूज बदलला, पंधरा दिवसांत पुन्हा गेला. नकली भाग मिळाला का?

शक्य आहे, पण पहिला संशय हवेवर घ्या. हवा अडली की हीटरची उष्णता आत साठते आणि फ्यूज आपलं काम करतो. पंख्याची पाती तुटली आहेत का, ड्रमच्या मागच्या डक्टमध्ये लव साचली आहे का, आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट वेळेवर सुटतो का, हे तीनही पाहा. अडकलेला थर्मोस्टॅट सर्वात वाईट, कारण त्याच्या चुकीची शिक्षा दरवेळी फ्यूज भोगतो.

फ्यूजच्या जागी वायर जोडून देणारे लोक भेटतात. तसं करून घेतलेला ड्रायर घरात ठेवू नका. लव म्हणजे सुटा कापूसच, आणि मग त्याच्यात आणि तापलेल्या कॉइलमध्ये अडवणारं काही उरत नाही. नवा फ्यूज घेताना त्याच्यावर छापलेलं तापमान आणि अँपिअर जुन्याशी जुळलं पाहिजे.

मोटर चालल्याचा आवाज येतो, ड्रम जागचा हलत नाही.

पट्टा. प्लग काढून, दार उघडून ड्रम हाताने फिरवा. जराही ओढ न लागता अलगद फिरला तर पट्टा तुटलाय किंवा सुटलाय. आठ महिने एकाच जागी ताणून राहिलेल्या रबराला घडी पडते आणि तो तिथेच चिरतो.

पट्ट्यावरचा क्रमांक असा वाचा: '१९७५ एच ७' म्हणजे लांबी १९७५ मिलिमीटर, दातांचा प्रकार एच, आणि सात दात. एचमध्ये दोन दातांतलं अंतर १.६ मिलिमीटर असतं, त्यामुळे सात दातांचा पट्टा ११ मिलिमीटरच्या आसपास रुंद दिसतो. क्रमांक पुसला असेल तर तुटलेला पट्टा सोबत न्या. लांबी दहा-पंधरा मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तर ताण देणारी पुली ती सांभाळून घेते, दात मात्र कमी-जास्त चालत नाहीत. पट्ट्याची दाते असलेली बाजू ड्रमला लागते, मग तो ताण देणाऱ्या पुलीखालून मोटरच्या पुलीवर जातो. पुली हाताने फिरवून बघा, खरखरली तर तीही आत्ताच बदला, नाहीतर नवा पट्टा तिच्यावर घासून जाईल.

मोटर नुसती गुरगुरते, पट्टा शाबूत आहे.

कपॅसिटर किंवा जाम झालेली मोटर. कपॅसिटर मोजा. त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडच्या (त्याच्या क्षमतेच्या) आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली तर बदला. मोटरच्या शाफ्टभोवती लव आणि दोरे गुंडाळले असतील तर काढा. गुरगुरणारी मोटर मिनिटभरही चालू ठेवू नका, वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळतं.

ड्रम दर फेरीला 'गडप्-गडप्' आवाज करतो.

फेरीला एक आवाज असेल तर पुढच्या फेल्टची (जाड नमद्याची) पट्टी एका जागी सुटली आहे; एकाच फेरीत अनेक ठोके असतील तर ड्रमच्या आधाराच्या छोट्या चाकावर चपटा भाग पडला आहे. दीर्घकाळ न हललेल्या ड्रममध्ये चाकं चपटी होतात. दोन-तीन वेळा रिकामा चालवून आवाज विरला तर काही करू नका. करकर वाढत गेली आणि ड्रम वर उचलून बघता खाली-वर हलला, तर ड्रमच्या आसाला आधार देणारा मागचा बुश झिजला आहे. नाण्यांचा, बटणांचा आवाज वेगळा, अनियमित असतो. तो हीटरच्या डक्टमध्ये गेलेल्या वस्तूचाही असू शकतो, म्हणून दुर्लक्ष करू नका.

'वाळले' असं सांगून दहा मिनिटांत थांबतो, कपडे ओले.

ड्रमच्या आत दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या असतात. ओला कपडा त्यांना स्पर्शला की त्यांच्यातून अगदी थोडा प्रवाह जातो. पट्ट्यांवर सुगंधी द्रव्याचा किंवा बोअरिंगच्या जड पाण्याचा थर बसला की मशीनला कपडे कोरडेच वाटतात. सफेद व्हिनेगर किंवा स्पिरिटमध्ये कापड भिजवून घासा, मग कोरड्या कापडाने पुसा. फार कमी कपडे टाकले तरीही हेच घडतं, कारण ते पट्ट्यांना लागतच नाहीत.

वॉशर-ड्रायरमध्ये धुणं छान होतं, वाळवणं होत नाही.

नळ चालू ठेवलाय ना? बऱ्याच वॉशर-ड्रायरमध्ये वाफ थंड करून पाण्यात बदलायला वाळवताना नळाचं पाणी वापरलं जातं. धुणं संपलं म्हणून नळ बंद केला, किंवा नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येत असल्याने गच्चीवरची टाकी संपली, तर वाफ थंड होत नाही आणि कपडे उकडलेल्यासारखे बाहेर येतात. आतल्या जाळीत साचलेली लव नंतर पाहा, पहिल्यांदा नळ.

दुसरं, धुण्याची आणि वाळवण्याची क्षमता वेगळी असते. आठ किलो धुणारं मशीन साधारणपणे पाचच किलो वाळवतं. पूर्ण भरून धुतलं असेल तर अर्धे कपडे काढा.

हीट पंप ड्रायरला वेळ जास्त लागतो, दोष आहे का?

नाही. तो कमी तापमानावर वाळवतो, दोन-अडीच तास लागले तरी वीज कमी खातो. साचलेल्या पाण्याची टाकी रिकामी करा, कंडेन्सरसमोरची (वाफेचं पाणी करणाऱ्या भागासमोरची) दुसरी जाळी धुवा. त्याच्या गॅसच्या नळ्यांना हात लावू नका. काहींत आर२९० असतो, म्हणजे प्रोपेन, आणि तो पेट घेतो.

सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर 'हूं' करतो, फिरत नाही.

हा इंदूरच्या घरांतला पावसाळी प्रश्न क्रमांक एक. प्लग काढा, मागचं प्लास्टिकचं झाकण सहा-आठ स्क्रू काढून उघडा. वरचं झाकण बंद ठेवून टबाखालचा, मोटर आणि टब जोडणारा कपलिंग हाताने फिरवा. झाकण बंद असताना ब्रेक सुटलेला असायला हवा.

कपलिंग सहज फिरत असेल तर कपॅसिटर पाहा. बऱ्याच मशीनमध्ये ड्रायरसाठी ४ ते ५ मायक्रोफॅरडचा असतो, किंवा वॉशसोबत एकाच डब्यात तीन वायरींचा, '१०+५' असा छापलेला. तीन वायरींत कॉमन कोणती ते फोटोवरून लक्षात ठेवा, चुकली तर वॉश आणि ड्रायर दोन्ही बिघडलेले दिसतील. छापलेलं मूल्य सोडून मोठा कपॅसिटर बसवू नका. 'जोर येईल' म्हणून बसवतात, पण मोटर गरम होते.

कपलिंग अडकत असेल तर दोन शक्यता. ब्रेकची तार ताणली जाऊन मोकळी होत नसेल तर ब्रेकचं चामडं ड्रमला धरून राहतं, तार एक-दोन छिद्रं पुढे घ्या. किंवा टबाखाली पडलेला मोजा. टब आणि बाहेरच्या पात्राच्या फटीतून लहान मुलांचे मोजे, रुमाल आत जातात आणि शाफ्टला गुंडाळतात. हुकासारखी वाकवलेली जाड तार फटीतून घालून खेचा. नाही आला तर कपलिंगवरचा बोल्ट सैल करून टब वर उचलावा लागतो. कपड्यांवर ठेवायची प्लास्टिकची जाळी कायम ठेवली तर हा उद्योग सहसा करावा लागत नाही.

कपलिंग फिरतो, कपॅसिटरही बरा, आणि तरीही आवाजच नाही? मग झाकणाचा स्विच किंवा टायमर.

ड्रायर फिरतो, पण सुस्त, कपड्यांतून पाणी ठिबकतं.

बाहेरच्या पात्रात पाणी साचलंय का बघा. टब पाण्यात फिरला की वेग धरत नाही. ड्रेनची नळी जमिनीवर सपाट असू द्या. बादलीत किंवा बेसिनमध्ये उंच टाकली तर बिनपंपाच्या मशीनमधलं पाणी चढत नाही. ब्रेक घासत राहिला तरी हीच लक्षणं, पण तेव्हा जळल्याचा वास येतो.

मशीन घरभर चालत सुटतं.

कपडे एका बाजूला. सगळे काढा, टबाच्या कडेने गोल पसरा. एकच मोठी चादर किंवा टर्किश टॉवेल कधी एकटा टाकू नका. तरीही धडधडलं तर मोटरखालचे तीन स्प्रिंग-रबर पाहा. एक तुटला तरी तीनही बदला, नाहीतर टब जुन्या, दबलेल्या बाजूकडे झुकतो. चारही पाय जमिनीला टेकतात ना, हेही बघा.

झाकण उघडल्यावरही टब फिरतच राहतो.

ब्रेकचं चामडं झिजलं किंवा तेलकट झालं, किंवा तार तुटली. लगेच दुरुस्त करा. फिरणाऱ्या टबात हात घातला की बोट मोडतं, आणि ओला दुपट्टा किंवा साडीचा पदर त्यात गेला तर हात सोडवायला वेळ मिळत नाही. झाकणाचा स्विच खराब झाला म्हणून दोन वायर जोडून 'डायरेक्ट' करून देणाऱ्याला नको म्हणा.

खालून पाणी गळतं, गंज दिसतो. हात लावला तर झिणझिण्या येतात.

झिणझिण्या आल्या की वापर थांबवा, प्लग काढा. शाफ्टभोवतीचं रबर, ज्याला मेकॅनिक 'स्पिन सील' म्हणतात, फाटलं की पाणी थेट मोटरवर ठिबकतं. मोटरवर गंजाची उभी रेघ दिसते. नुसती मोटर रिवाइंड करून उपयोग नाही, सील आधी बदला आणि बोअरिंगचं जड पाणी असेल तर शाफ्टवरचा पांढरा थर पॉलिश पेपरने काढा. तो खडबडीत राहिला तर नवं सीलही महिन्यांतच कापतो.

टम्बल ड्रायरमध्ये झटका किंवा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडणं, हे बहुतेकदा महिनोन्महिने न वापरलेल्या हीटरच्या आतल्या पावडरने ओलावा शोषल्यामुळे होतं. साध्या मल्टीमीटरवर ते दिसत नाही, ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर) दिसतं.

कोणता सॉकेट, कोणती वायर?

टम्बल ड्रायरला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. ४ चौरस मिलिमीटर असेल तर उत्तम. एक्स्टेंशन बोर्ड नको. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. १९० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर साधारण १३६५ वॉटच देतो, म्हणून संध्याकाळी ड्रायर 'कमजोर' वाटतो. दुपारी चालवून बघा. घरच्या इन्व्हर्टरवर कधीही चालवू नका.

काय ड्रायरमध्ये टाकू नये?

तेल लागलेलं काहीही. दिवाळीच्या अभ्यंगानंतरचे पंचे, स्वयंपाकघरातली फडकी धुऊनही तेलकट राहतात. गरम ड्रायरमध्ये घडी होऊन पडले की आपोआप तापत जाऊन पेटू शकतात. फोम, रबर, रेशमी सोवळं नको. रंगपंचमीच्या गेरनंतरचे (रंगांच्या मिरवणुकीनंतरचे) कपडेही नकोत, ड्रमला रंग चढतो आणि पुढचे चार आठवडे पांढऱ्या बनियनवर उमटतो.

सुटे भाग कुठे मिळतात?

महाराणी रोडच्या इलेक्ट्रिकल बाजारात कपॅसिटर, टायमर, लग आणि वायर सहज मिळतात. सील, कपलिंग, पट्टा आणि थर्मोस्टॅट घ्यायला जाताना जुना भाग आणि मशीनच्या मागच्या लेबलचा फोटो न्या. 'अमुक कंपनीचा सात किलोचा' एवढ्याने भाग जुळत नाही, एकाच कंपनीत दोन वर्षांत सीलचा आकार बदललेला असतो. मोटर घेताना वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, हे स्पष्ट विचारा.

दुरुस्त करावं की नवं घ्यावं?

पट्टा, फ्यूज, कपॅसिटर, सील, ब्रेक, टायमर: दुरुस्त. मोटर आणि गंजलेला बॉडीचा तळ एकाच वेळी: नवं. इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर आधी दहा मिनिटं प्लग काढून ठेवून पुन्हा बघा, मग भाव विचारा.

सप्टेंबरनंतर ठेवायचा कसा?

शेवटच्या वेळी रिकामा पंधरा मिनिटं गरम चालवा, म्हणजे आतला ओलावा जातो. जाळी, डक्ट, नळी साफ करा. नळीचं तोंड बारीक तारेच्या जाळीने बांधा, उंदीर त्यातूनच घरटं करायला शिरतात आणि वायरचं आवरण कुरतडतात. महिन्यातून एकदा ड्रम हाताने दोन-चार वेळा फिरवा. जूनमध्ये लावायच्या आधी ती तारेची जाळी काढायला विसरू नका, दोन वापरांत ती लवेने बंद होते.